न लागणारं देणं

फोन सुरू करायला एक दुपार पुरली होती. कंपनीचा माणूस आला, त्याने भिंतीला भोक पाडलं, पांढरा डबा बसवला, डब्यावरचे हिरवे दिवे कौतुकाने दाखवले आणि दारातल्या दारात सही घेऊन निघून गेला. तोच फोन बंद करायची वेळ आली तेव्हा मात्र धाकटीला आपली सगळी विद्या पणाला लावावी लागली.

विद्या तशी थोडीथोडकी नव्हती. पदार्थविज्ञानाची पदवी घेऊन ती वजनंमापं तपासणाऱ्या प्रयोगशाळेत नोकरीला लागली होती. दुकानांतले काटे, दवाखान्यांतले तापमापक, कारखान्यांतले दाबमापक तिच्या टेबलावर यायचे आणि खरं सांगतात की खोटं, हे ठरल्यावरच परत जायचे. त्यामुळे "साधारण", "बहुतेक", "होऊन जाईल" असले शब्द कानावर पडले की तिच्या कपाळाला आठी पडायची. कंपनीच्या मदतकेंद्रात याखेरीज दुसरे शब्दच नव्हते.

"तुम्ही आम्हाला का सोडताय?" तिथल्या मुलीने विचारलं.

"डबा बंद पडलाय. शिवाय तो आता कुणाला नकोय. थोरली बहीण दुसऱ्या गावी असते, मी मोबाइल वापरते."

"मग आम्ही तुम्हाला तोच अर्ध्या दरात दिला तर?"

"बंद पडलेला डबा?"

तिने फोन दुसऱ्याकडे वळवला. मग गाणं लागलं. गाण्यानंतर एक माणूस आला आणि त्यानेही, का सोडताय, इथपासूनच सुरुवात केली. आत्या शेजारी भाजी निवडत बसली होती. ही बाबांची मोठी बहीण. उभा जन्म एका कचेरीत टंकलेखन करून निवृत्त झालेली. टाइपरायटर गेला, पण बोटांतला वेग जिभेवर येऊन बसला होता.

"अगं, लग्न मोडतानासुद्धा माणसं एवढी चौकशी करत नाहीत," ती म्हणाली. "सांग त्याला, आमचं जमत नाही म्हणून."

शेवटी तिसऱ्याने सांगितलं, फोन ज्यांच्या नावावर आहे त्यांनीच बोललं पाहिजे. फोन बाबांच्या नावावर होता. घराखालीच त्यांचं दुकान. मिक्सर, इस्त्र्या, पंखे, रेडिओ, शिलाई मशीनच्या मोटरी, जे म्हणून विजेवर चालतं आणि चालायचं थांबतं ते त्यांच्याकडे यायचं. सगळी गल्ली त्यांना मिस्त्री म्हणायची. हातातला स्क्रूड्रायव्हर खाली न ठेवताच ते वर आले आणि फोनवर म्हणाले, "हो, मीच बोलतोय. बंद करायचा आहे. तुम्हाला उगाच त्रास."

"त्रास त्यांना?" आत्या पुटपुटली.

कंपनीचं म्हणणं असं पडलं, की एक महिना सूचनेचा. त्या महिन्यात डबा काउंटरवर परत करायचा, की खातं आपोआप बंद. बाबा स्वतः जाऊन डबा देऊन आले, पावती धाकटीने जपून ठेवली आणि घर त्या फोनला विसरून गेलं.

फोन मात्र घराला विसरला नव्हता. दोन-तीन महिन्यांनी बिल आलं. धाकटीने पावतीचा फोटो जोडून उत्तर पाठवलं. कंपनीने तिच्या संयमाबद्दल आभार मानले आणि पुढच्या महिन्याचं बिल पाठवलं, मागच्याचा दंड धरून. तिने पुन्हा लिहिलं. पुन्हा आभार आले. असं चालता चालता एका सकाळी आभार थांबले आणि बाबांच्या मोबाइलवर एक अनोळखी आवाज आला. आवाज मऊ, शब्द लोण्यात घोळवून काढल्यासारखे.

"काका, कंपनीने तुमचं कर्ज आम्हाला विकलंय. आता आपला संबंध आमच्याशी."

बाबा नुसते "अहो, पण" एवढंच म्हणत राहिले. आत्याने त्यांच्या हातून फोन काढून घेतला. "विकलं म्हणजे? घेताना माल बघून घेतलात का?"

"आजी, आमच्याकडे फक्त नाव आणि आकडा येतो."

"मग आकडा चुकीचा आलाय. परत करून टाका. आणि मी तुमची आजी नाही."

आत्याने त्याचं नाव गोडबोल्या ठेवलं. गोडबोल्या दमला की दुसरा फोनवर यायचा, तो नुसता दरडावायचा. आकडा दुकानाच्या दोन महिन्यांच्या भाड्याइतका होता. त्यात डब्याचं भाडं थोडं. दंड, दंडावरचं व्याज आणि वसुलीचा खर्च हेच जास्त. म्हणजे आपल्याला छळण्याची मजुरीही आपणच द्यायची. धाकटीने ते कोष्टक वाचलं तेव्हा तिचे कान गरम झाले. तिच्या प्रयोगशाळेत एखादा काटा गुंजभर चुकला तरी त्याला लाल चिठ्ठी लागायची, आणि इथे अख्खा आकडाच हवेतून काढलेला, तरी तो दारोदार मिरवत होता.

मिरवत होता हे खरंच. वसुलीवाल्यांनी थोरलीच्या कचेरीत फोन केला. घरमालकाला केला. घरमालक भला माणूस; त्याने जिना उतरता उतरता नुसतं विचारलं, "मिस्त्री, सगळं ठीक आहे ना?" पण बाबा तेवढ्या प्रश्नाने दिवसभर खचल्यासारखे झाले. त्यांनी कधी कुणाचं उधार ठेवलं नव्हतं. गिऱ्हाइकाकडूनही वस्तू त्याच्या हातात चालल्याशिवाय पैसे घेत नसत. आता ते मोबाइल बंद ठेवायला लागले. दिवेलागणीच्या आधीच दुकानाचं शटर खाली यायला लागलं.

"तुम्ही का तोंड लपवताय?" धाकटीने विचारलं.

"तोंड नाही लपवत. फोन लपवतोय."

मग धाकटीने अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि पावती घेऊन कंपनीच्या काउंटरवर गेली.

तिथे थंडगार हवा होती, भिंतीभर फोन कानाला लावून हसणारी कुटुंबं होती, आणि त्यांच्याखाली न हसणारी माणसं आपापला नंबर हातात धरून बसली होती. काउंटरवरची मुलगी धाकटीच्याच वयाची असेल. तिने पावती पाहिली, पडद्यावर काहीतरी शोधलं आणि म्हणाली, "डबा परत आलाय. पण बंद करायची विनंती मागे घेतली गेलीय."

"कुणी घेतली?"

"तुम्हीच. सूचनेच्या महिन्यात डबा लाइनला लागलाय. त्या काळात सेवा वापरली तर विनंती रद्द समजतात. नियम आहे तसा."

"डबा मेलेला होता. मेलेला डबा कसा लागेल?"

"इथे लागलेला दिसतोय."

"मग इथेच काहीतरी चुकलंय."

मुलीने इकडेतिकडे पाहिलं आणि पडदा हळूच तिच्याकडे वळवला. नोंद होती. डबा काही मिनिटं जोडला गेला होता. कॉल एकही नाही. इंटरनेटचा वापर शून्य.

"शून्य," धाकटीने पडद्यावर बोट ठेवलं. "मग वापरलं काय?"

"लाइनला लागला म्हणजे वापर. सिस्टिम तेवढंच बघते."

"काटा नुसता टेबलावर ठेवला म्हणजे वजन केलं असं होतं का?"

"मला पटतंय हो," मुलगी म्हणाली. "पण मला इथून काही करता येत नाही. ते खातं आता आमच्याकडे नाहीच. वसुलीवाल्यांना विकलंय."

"ते म्हणतात, आमच्याकडे फक्त आकडा येतो."

"हो, आम्ही आकडाच देतो फक्त."

हे तिने इतक्या सरळपणे सांगितलं की धाकटीला तिच्यावर रागावताही येईना. ज्यांच्याकडे नोंद होती त्यांच्याकडे देणं नव्हतं आणि ज्यांच्याकडे देणं होतं त्यांच्याकडे नोंद नव्हती. दोघांच्या मध्ये बाबा तेवढे सापडले होते.

ती तरातरा परत आली आणि थेट दुकानात शिरली. बाबा दिव्याखाली एका मोटरीला डाग देत होते. आत्या चहा घेऊन खाली आली होती.

"वर तोंड करून खोटं बोलतात," धाकटी म्हणाली. "म्हणे डबा लाइनला लागला होता. मेलेला डबा उठून आपल्या पायांनी गेला असेल."

बाबांनी सोल्डरची गन जपून स्टँडवर ठेवली. "लागला होता," ते म्हणाले.

"काय?"

"मीच लावला होता. परत द्यायला निघालो, म्हटलं उघडून तर बघू. आतला एक कपॅसिटर फुगला होता. एवढासा. माझ्या पेटीत तसलाच होता, बदलला. मग बदलल्यावर लावून बघायला नको? सगळे दिवे लागले. थोडा वेळ ठेवला, गरम होत नाही ना ते बघितलं, पुसला आणि देऊन आलो."

"पण का?"

बाबांना प्रश्नच कळला नाही. "का म्हणजे? बंद पडलेली वस्तू तशीच द्यायची? मिस्त्रीच्या घरातून आलेली?"

आत्या इतकी हसली की तिला चहाची कपबशी खाली ठेवावी लागली. हसण्यासारखंच होतं. या माणसाने भंगारवाल्याला रेडिओ दिला तेव्हा तोही चालू करून दिला होता. भंगारवाला बिचारा तो वाजवत वाजवत घेऊन गेला होता. जुनं घर सोडताना शेवटच्या सकाळी ते नळाचा वायसर बदलत बसले होते आणि सामानाची गाडी खाली खोळंबली होती. हातातून मोडकं काही बाहेर जाऊ द्यायचं नाही, ही त्यांची खोड. दुसऱ्या कुणी हा डबा खोक्यात टाकून दिला असता आणि सुखाने झोपला असता.

धाकटीला हसू आलं नाही. क्षणभर तिला बाबांचाच राग आला. काउंटरवर ती ठणकावून सांगून आली होती की मेलेला डबा लागणारच नाही, आणि ते खोटं होतं. मग तो राग उलटून दुप्पट होऊन दुसरीकडे गेला.

"म्हणजे त्यांचा मेलेला डबा तुम्ही फुकट जिवंत करून दिलात," ती सावकाश म्हणाली, "आणि त्याबद्दल त्यांनी तुम्हाला दंड लावला."

"नियम होता ना. मी मोडला."

"नियम तुम्हाला सांगितला कुणी?"

"न सांगितला तरी नियमच. चूक माझी झाली, मी भरून टाकतो. तो गोडबोल्या म्हणतोय, आज-उद्या भरलं तर अर्ध्यात मिटवू."

"अर्ध्यात? खरं देणं असतं तर कुणी अर्ध्यात सोडलं असतं का? आणि भरलंत की तुम्ही कबूल केलंत. उद्या कुणी म्हणालं, मिस्त्रीने पैसे थकवले होते, तर नाही म्हणायची सोय उरणार नाही."

"आत्ताच लोक म्हणतायत."

"म्हणू द्या. आमच्याकडे कुणी सांगितलं ना, की या खोट्या काट्यावर बरोबरचा शिक्का मार, तर मी मारत नाही. साहेब असला तरी नाही."

"तुझ्या काट्याला शेजारीपाजारी नसतात," बाबा म्हणाले आणि पुन्हा मोटरीकडे वळले.

पैसे बाबांचे, नाव बाबांचं. त्यांनी कपाटातून रक्कम काढून पाकिटात घातली आणि सकाळी दुकान उघडून मग भरायला जातो, असं आत्याला सांगितलं. आत्या त्या दिवशी कुणाशी बोलली नाही, यावरून घरात काय चाललंय ते कळावं.

सकाळी बाबा निघायच्या आधीच शिवणबाई दारात आली. दोन दुकानं सोडून तिचं शिवणकामाचं दुकान होतं. बाबांच्या टेबलावर उघडून पडलेली मोटर तिचीच.

"मिस्त्री," ती उंबऱ्याबाहेरूनच म्हणाली, "माझी मोटर झाली असेल तशी द्या."

"अर्धीच झालीय, बाई."

"चालेल."

"चालत नाही म्हणून तर आणलीत ना?"

शिवणबाईने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. ती भांडायला आली नव्हती; तिला ते अवघड जात होतं हे दिसत होतं. "फोन आला होता मला. माझ्या पाटीवर नंबर आहे ना, त्यावर. म्हणाले, तुमच्या गल्लीतला मिस्त्री थकबाकीदार आहे, जप्ती येईल, तुमचं काही त्याच्याकडे असेल तर आजच काढून घ्या. माझं सगळं पोट त्या मशीनवर आहे हो."

बाबांनी खोकं घेतलं. मोटरीचं कवच, तांब्याच्या तारांची गुंडाळी, ब्रश, छोटे स्क्रू एका कागदात बांधून, सगळं नीट आत ठेवलं. खोकं उचललं. आणि मग ते उभेच राहिले. आजवर त्या टेबलावरून उघडी वस्तू तशीच परत गेली नव्हती. शिवणबाईने हात पुढे केले होते, पण बाबांच्या हातून खोकं सुटेना.

"बसा," ते म्हणाले. "मोटर तुमची आहे, नेऊ शकता. पण आधी मी एक सांगतो ते ऐकून घ्या."

त्यांनी फुगलेल्या कपॅसिटरपासून सगळं सांगितलं. शिवणबाई स्टुलाच्या कडेवर बसली होती, ती हळूहळू पूर्ण बसली.

"म्हणजे त्यांचाच डबा तुम्ही पदरमोड करून नीट केलात?"

"कपॅसिटरचं काही विशेष नसतं हो."

"आणि वर ते तुमच्याकडेच पैसे मागतायत. चोराच्या उलट्या बोंबा." तिने खोकं उचलून टेबलावर होतं तिथे ठेवून दिलं. "पण मिस्त्री, हे तुम्ही आम्हाला आधी का नाही सांगितलंत? आम्ही आपले भलतंच समजून बसलो."

लाज वाटली म्हणून, हे खरं उत्तर होतं. आणि ती लाज हेच वसुलीवाल्यांचं सगळं भांडवल होतं. न्यायालय, जप्ती या धमक्या नुसत्या तोंडाच्या. हे त्यांना तिथे, त्या स्टुलासमोर उभं असताना लख्ख कळलं. इतके महिने न आलेला राग तेव्हा त्यांना आला. तो चेहऱ्यावर दिसला नाही. त्यांनी फक्त मोबाइल चालू केला आणि धाकटीला प्रयोगशाळेत फोन लावला, जो त्यांनी आजवर कधी लावला नव्हता.

"येताना रंग आण," ते म्हणाले. "पांढरा आणि काळा. उन्हापावसात टिकेल असा."

"बाबा, पैसे भरलेत का?"

"रंग आण."

संध्याकाळी दुकानासमोर प्लायवूडचा एक मोठा तुकडा पांढरा होऊन वाळत उभा राहिला आणि मजकुरावरून भांडण सुरू झालं.

"एकच ओळ बास," धाकटी म्हणाली. "फोन कंपनीचं आम्ही काही देणं लागत नाही."

"डबा लावला होता, हे आधी लिही."

"त्यांच्या हातात आपणहून कोलीत कशाला द्यायचं?"

"खरं आहे म्हणून. तूच ना ती, खोट्या काट्यावर शिक्का न मारणारी?"

धाकटीने ब्रश रंगात बुडवला. तिला शब्दात पकडणारं माणूस तिला क्वचित भेटायचं.

"वाक्यं लहान ठेवा," आत्याने खुर्ची ओढून घेत सांगितलं. "आणि समास सोडा. कडेला चिकटलेलं कुणी वाचत नाही. आयुष्य गेलं माझं त्यात."

दुसऱ्या दिवशी पाटी दुकानाच्या दारावर लागली. तिच्यावर लिहिलं होतं:

"फोन कंपनीचा बंद पडलेला डबा परत देण्याआधी मी दुरुस्त केला. लागतो का ते लावून पाहिलं. कंपनी म्हणते, म्हणजे मी फोन वापरला. मी वापरला नाही. मी कंपनीचं काही देणं लागत नाही. वसुलीवाले तुम्हाला फोन करतील. त्यांना हेच सांगा. काही विचारायचं असेल तर आत या. मिस्त्री."

पहिला दिवस माणसं लांबून वाचून पुढे गेली. घरमालकाने मात्र जवळ येऊन दोनदा वाचलं आणि आत डोकावून विचारलं, "कपॅसिटरचे किती झाले हो?" दुसऱ्या दिवसापासून माणसं आत यायला लागली. नुसती विचारायला नव्हे, स्वतःचं सांगायला. एक म्हातारा सोडून दिलेल्या घरातल्या फोनचे पैसे अजून भरत होता, कारण बंद कर म्हटलं की गाणं लागायचं आणि गाण्यात त्याला डुलकी लागायची. एका शिकणाऱ्या मुलीने दुसऱ्याच कुणाचं बिल भीतीपोटी भरलं होतं. सगळ्यांनी आवाज खाली आणून सांगायला सुरुवात केली आणि सांगता सांगता तो चढत गेला. बाबा ऐकत होते, हात चालू होते. शिवणबाईची मोटर त्यांनी त्या आठवड्यात फिरती करून दिली.

गोडबोल्याने तिला पुन्हा फोन केला होता. ती म्हणाली, "माहीत आहे मला. पाटीवर लिहिलंय. सवड काढून तुम्हीही वाचून जा."

मग त्याने बाबांना लावला. फोन आता बंद नसायचा.

"काका, घरातली गोष्ट अशी चारचौघांत मांडणं बरं दिसतं का?"

"तुम्ही मांडतच होतात," बाबा म्हणाले. "मी फक्त पूर्ण मांडली."

त्यानंतर त्याचा फोन आला नाही. पाटीचे फोटो मात्र कुणाकुणाच्या मोबाइलवरून फिरत गेले, आणि धाकटीच्या सुट्टीच्या दिवशी, दुपारच्या सुमारास, इस्त्रीच्या कपड्यांतला एक साहेब दुकानात आला. कंपनीकडून. तो पाटीकडे न बघता आत आला, म्हणजे बघितली होती.

"काका, तुमची केस वरपर्यंत गेलीय," त्याने बॅगेतून एक कागद काढला. "खातं आम्ही परत घेतलंय. इथे सही केलीत की वसुली बंद, सगळं बंद. पाटी तेवढी काढायची."

धाकटीने कागद घेऊन वाचला. 'ग्राहकाशी असलेले जुने संबंध लक्षात घेऊन, सद्भावना म्हणून, कंपनी सदर थकबाकी माफ करीत आहे. ग्राहकाला हे मान्य आहे.' तिच्या छातीवरचं ओझं एकदम उतरलं. तो आकडा, ते आभार, ती गाणी, सगळं एका सहीच्या अंतरावर संपत होतं. सही करा बाबा, असं तिच्या अगदी ओठांवर आलं होतं.

बाबांनी चष्मा पुसला, लावला आणि कागद सावकाश वाचला. "माफ म्हणजे?"

"म्हणजे तुम्हाला आता काही भरायचं नाही."

"ते कळलं. माफ करतात ते असलेलं देणं. जे नव्हतंच ते कसं माफ करणार?"

"काका, अर्थ एकच होतो."

"एकच होत असेल तर तसं लिहा. देणं नव्हतं."

साहेबाने मदतीसाठी धाकटीकडे पाहिलं. शिकलेली दिसत होती, तिला व्यवहार कळेल, असा त्याचा हिशोब असावा. बाबांनीही तिच्याकडे पाहिलं. काही आठवड्यांपूर्वी हाच माणूस न लागणारे पैसे पाकिटात घालून निघाला होता, आणि ती त्याच्या आडवी आली होती. आता तो आडवा उभा होता आणि दमली होती ती.

तिने कागद पुन्हा वाचला. थकबाकी. सद्भावना. मान्य आहे. तीन शब्द, तिन्ही खोटे.

"तुमच्याच पडद्यावर वापर शून्य दिसतो," ती साहेबाला म्हणाली. "मी पाहिलाय. तेच लिहून आणा. वापर शून्य, देणं नव्हतं, वसुली चुकीने झाली."

"असा मसुदा आमच्याकडे नाही, मॅडम. सिस्टिममध्ये 'माफ' एवढा एकच पर्याय आहे."

"मग दुसरा घाला."

"त्याला फार वेळ लागेल."

"लागू दे," बाबा म्हणाले. त्यांनी कागदाची मूळच्याच घडीवर घडी घातली आणि तो परत केला. "आम्ही कुठे जात नाही. चहा घेणार?"

साहेबाने चहा घेतला नाही. जाताना तो पाटीजवळ जरा थांबला. "निदान ही तरी तोवर..."

"ती राहू दे तिथेच."

तो गेल्यावर आत्याने कपाळाला हात लावला. "हातातोंडाशी आलेला घास परत केलास रे."

"घास कसला, ताई. उष्टं होतं ते."

धाकटी दारात जाऊन साहेब वळणापलीकडे जाईपर्यंत बघत राहिली. आत बाबांनी एक इस्त्री उघडायला घेतली होती. तिचा शेवटचा स्क्रू बशीत टाकून त्यांनी विचारलं, "पाटीवर खाली किती जागा आहे गं?"

"दोन ओळी मावतील. समास सोडून."

"रंग उरलाय?"

"उरलाय."

"मग लिही. कंपनी आज माफ करायला आली होती. आम्ही माफी घेतली नाही."